त्यांनी ते गाणं सोडून दिलं होतं

बाबा, तुमचे ते बँडवाले अजून जिवंत आहेत. चौघांपैकी एक गेला, तिघं उरलेत, आणि ते तिघं केसांना काळं फासून, पोटं आत ओढून, दर उन्हाळ्यात गावोगाव गात फिरतात. मी त्यांना बघून आले. त्याला आता दोन महिने होत आले, पण तेव्हापासून बसलेली शिसारी काही केल्या जात नाही. जेवताना मध्येच आठवतं आणि घास तोंडात फिरतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला हल्ली ओढून आणावा लागतो, तरी हे सांगायचं तर तुम्हालाच. इथल्या मित्रमंडळींना सांगून बघितलं. "चिल यार, रॉक बँड आहे तो, भजनी मंडळ थोडंच आहे," म्हणतात. त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

रविवार आहे, कॉलेजच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आहे, आणि तुम्ही मटण करताय. रविवारी आईने शेगडीपाशी फिरकायचं नाही हा तुमचा नियम. तिला स्टुलावर बसवायचं, हातात लसूण द्यायचा, आणि तोही तिने हळूहळू सोलायचा. मसाल्याच्या डब्यांशेजारी फळीवर टेपरेकॉर्डर. ज्या फिजिक्सच्या सरांच्या हाताखाली तुम्ही लॅब असिस्टंट होता, त्यांनी परदेशातून आणलेल्या रेकॉर्डवरून तुम्ही ती कॅसेट भरून घेतली होती. कॉलनीत घरोघरी भीमगीतं वाजायची, आपल्याकडेही वाजायची, पण मटणाच्या वेळी हीच कॅसेट. शेजारच्या काकू विचारायच्या, "काय हो, हे कोण रडून राहिलं तुमच्या घरी?" तुम्ही हसायचे. आणि बाजू संपत आली की ते गाणं लागायचं आणि तुम्ही पळी हातात धरूनच आईला एकेक ओळ मराठीत सांगायचे. गिरणीच्या गेटपाशी एक बाई उभी आहे. वारा आहे. अंगात कोट नाही. नवऱ्याचा डबा तिने पदराखाली धरलाय. त्यांच्याकडे पदर कुठला, पण तुम्ही पदरच म्हणायचे. भोंगा वाजला, सगळे बाहेर पडले, तो अजून येत नाही. इथे खट् आवाज व्हायचा आणि गाणं थांबायचं. "टेप संपली," तुम्ही म्हणायचे, "गाणं नाही संपलं." आणि पुढचं तुम्ही स्वतः गुणगुणायचे, शब्दाशिवाय, अगदी हळू, एकेक सूर खाली उतरत. मी दर रविवारी विचारायची, आला का तो बाहेर? "आला. आता दोघं घरी चाललेत."

ते गाणं कोणासाठी होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण, आणि तुम्ही असे देखणे. लग्नाच्या मांडवात तुमचीच माणसं काय काय बोलली ते आत्याने मला मोठी झाल्यावर सांगितलं. आई त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. पण दर रविवारी तुम्ही गुणगुणायला लागलात की ती लसूण सोलायची थांबायची आणि खाली बघून हसायची. तिला ते गाणं "माझं गाणं" म्हणताना मी ऐकलंय. माझ्या आईने आयुष्यात फार कमी गोष्टींना माझं म्हटलंय, बाबा.

आता मी बॉथेलला असते. सिएटलजवळचं गाव, झाडंच झाडं आणि त्यांच्यात लपलेल्या कंपन्या. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक गोरा बसतो, पन्नाशी उलटलेला, या बँडचा भक्त. त्याच्या टेबलावर त्यांच्या जुन्या तिकिटांची फ्रेम आहे. एकदा मी काम करता करता तुमची चाल गुणगुणत होते, तर हा उठून उभाच राहिला. "तुला हे कसं माहीत? हे तर कोणी ऐकत नाही!" कॅसेटवर तुम्ही फक्त "इंग्रजी, छान" असं लिहिलं होतं, त्यामुळे बँडचं नाव मला त्या दिवशी कळलं. तो सीडी आणून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. आई सहा महिन्यांसाठी यायची होती, आणि त्याच उन्हाळ्यात बँड आमच्या भागात येणार होता. म्हटलं ऐकायचं तर तिच्या शेजारी बसून, समोरासमोर. आणि त्यांनी जाहीर केलं होतं की प्रत्येक गावात एक जुनं गाणं लोकांच्या मतांवर घेणार, वेबसाइटवर व्होट करा. झालं! माझ्या अंगात आलं. बाबा, तुमची मुलगी ऑफिसचं काम सोडून त्या वेबसाइटवर परक्या लोकांशी भांडत बसायची. मी लिहायची, तीच ती लाडकी चार गाणी किती वर्षं दळणार, विसरलेली बाहेर काढा, गेटवरच्या बाईचं गाणं घ्या. लोक लिहायचे, त्याचा शेवट घाण आहे, नको. मी उसळून लिहायची, शेवट हाच तर त्या गाण्याचा जीव आहे! एकाने मला लिहिलं, "तुझ्यासारख्या पुरुषांमुळेच बायका या शोजना येत नाहीत." मी खो खो हसले. म्हटलं, या शहाण्याला माहीत नाही मी बाई आहे ते. तो असं का म्हणतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. शेजारच्या गोऱ्यानेही सांगून बघितलं, "शेवट जरा रफ आहे हं." मला वाटलं, लांबण लावली असेल गिटारची. गाण्याचा शेवट मला माहीत आहे असंच मी धरून चालले होते, कारण तो मी दर रविवारी तुमच्या तोंडून ऐकला होता.

व्होट कुठून आणायचे? आपल्या माणसांकडून. मी मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर टाकलं, आणि आई ज्या घरी रविवारी बुद्धवंदनेला जायची त्यांच्याही ग्रुपवर टाकलं. एरवी ही दोन मंडळं एकमेकांच्या कार्यक्रमाला पाऊल टाकत नाहीत, पण या गाण्यासाठी दोन्हीकडच्या लोकांनी धपाधप व्होट केले. गाणं एकानेही ऐकलेलं नव्हतं. मंडळाचे सेक्रेटरी पुण्याचे, ते फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही काळजीच करू नका, मी आमच्या तिन्ही कॉम्प्युटरवरून केलंय. आता त्या बँडला कळू दे महाराष्ट्र काय चीज आहे!" आणि कळलं बँडला. आमच्या गावासाठी तुमचं गाणं पहिलं आलं. मी आईला मिठी मारून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "हो का," म्हणाली, आणि लाटत राहिली. मला वाटलं, तिला विश्वास बसत नाहीये.

मग तो दिवस. गावाबाहेर दीड तासावर, उघड्या माळावरचं थिएटर, उतारावर हिरवळ. आईने ठेवणीतली निळी साडी नेसलेली. वंदनेला येणारी एक शांत काकू आलेली. मंडळाचीही चारपाच कुटुंबं आलेली, गेटवर त्यांचे पुरीभाजीचे डबे काढून घेतले म्हणून फुरंगटलेली. काय सांगू बाबा, काय घाण होती! प्लॅस्टिकच्या संडासांचा वास थेट बसायच्या जागेपर्यंत. नाचोवरचं पिवळं चीज गवतात सांडलेलं, त्यात पाय. एका माणसाने पेलाभर बिअर आईच्या साडीवर लवंडली आणि सॉरीसुद्धा न म्हणता पुढे गेला. दुसरा आमच्यासमोरच ओकला, तोंड पुसलं आणि परत नाचायला लागला. स्टेजवर एका ट्रक कंपनीचा खराखुरा ट्रक चढवून ठेवलेला, कारण त्यांनी पैसे दिले होते. आणि ते तिघं! गाणारा तर तुमच्याच वयाचा असेल, तुम्ही असता तर. चामड्याची तंग पँट, उघडी छाती, छातीवरचे केससुद्धा रंगवलेले. स्वतःचीच गाणी पायाशी ठेवलेल्या पडद्यावर वाचून गात होता. दोन ओळी झाल्या की माइक लोकांकडे धरायचा, म्हणजे याला तेवढा श्वास घेता येतो. लाडकी चार गाणी आली की सगळे उभे, बाकीच्या वेळी बिअरच्या रांगेत. मला किळस येत होती, पण मी म्हणत होते, जाऊ दे, आपलं एक गाणं ऐकू आणि निघू.

आलं ते. गाणारा दात काढत म्हणाला, "या गावाने भलतंच काहीतरी मागितलंय! हे आम्ही सोडून दिलं होतं, नाहीतर आमच्या बायका घरात घेत नव्हत्या." लोक हसले. मीही हसले असेन. मग ती सुरुवातीची गिटार वाजली आणि मी आईचा हात धरला. बाबा, पहिलं कडवं तसंच होतं. वारा, गेट, कोट नसलेली बाई. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सेक्रेटरी मागून ओरडले, "ताई, हेच का?" मी मान हलवली. भोंगा वाजला. मी वाट बघते आहे, आता तो बाहेर येईल, आता सूर खाली उतरतील. आला तो बाहेर. दोस्तांना घेऊन आला. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, बघा रे, माझ्या दाराशी काय बांधलंय. आणि ते सगळे तिच्यावर भुंकायला लागले. खरंच भुंकायला लागले, बाबा. भो, भो, भो. ड्रमच्या ठेक्यावर. अख्ख्या गाण्याची गंमत ती होती. ती बाई एवढा वेळ थंडीत उभी केली ती या हसण्यासाठी. गाणाऱ्याने माइक लोकांकडे धरला आणि सगळा माळ भुंकायला लागला. म्हातारे, पोरी, खांद्यावर बसवलेली लहान मुलं. आणि आपली मंडळी! सेक्रेटरी, त्यांची बायको, त्यांची दोन्ही मुलं, वंदनेला येणारी ती शांत काकू, सगळे हात वर करून भो भो, कारण गाणं जिंकलं होतं आणि सगळे जे करतायत ते करायचं. शी! माणसाने इतकं न समजता कशात सामील व्हावं! मला त्या दिवशी त्यांच्या आनंदी तोंडांची जेवढी किळस आली तेवढी त्या ओकणाऱ्याचीही आली नव्हती.

मी आईला घेऊन तडक निघाले. उन्हाळ्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे गाडीत तिचा चेहरा मला दिसत होता. साडीला बिअरचा वास. मी बोलायला सुरुवात केली, "आई, ते लोक खूश झाले की असेच आवाज काढतात. इथली पद्धतच आहे."

"काहून खोटं बोलून राहिली?" आई म्हणाली. "भुंकणं समजायला इंग्रजी लागत नाही."

मग तीच पुढे बोलली, खिडकीबाहेर बघत. ती म्हणाली, हे तिने पहिल्यांदा नाही ऐकलं. तुम्ही कॉलेजात, मी शाळेत, आणि एका दुपारी तिला तिचं गाणं ऐकावंसं वाटलं. तिने टेप लावली आणि भाजी निवडत बसली. तुम्ही घरी नव्हता, त्यामुळे टेप चालूच राहिली. तिला वाटलं अंगणात कुत्रे शिरले. ती काठी घेऊन दारात गेली. अंगण रिकामं. परत आली तेव्हा टेपमधली माणसं हसत होती. संध्याकाळी तिने तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "हलकट लोक आहेत. तू नको ऐकू तेवढं." तोपर्यंत मी समजत होते की टेप तिथे संपते. आई म्हणाली, "टेप कुठे संपत होती? तुझे बाबा बरोबर त्या वेळी मसाल्याचा डबा घ्यायला उठायचे आन् बटण दाबायचे."

"आई, तुला माहीत होतं? मग तू आलीस कशाला?"

"तू एवढी नाचून राहिली होती. तुला काय सांगू?" मग म्हणाली, "आणि मला वाटलं, आता म्हातारे झाले असतील. त्यांच्या घरात सुना असतील, नाती असतील. तेवढं गाळतील."

बाबा, गाडी बाजूला घेऊन मी रडले. ती नाही रडली. तिने पर्समधून लवंगेची डबी काढली, एक मला दिली, एक स्वतः तोंडात टाकली, आणि म्हणाली, "चल, घरी जाऊन खिचडी टाकते."

सोमवारी शेजारचा गोरा खुशीत होता. "काय, जिंकलात की! तुमच्या लोकांना आवडलं?" मी त्याच्यावर खेकसले, तू मला नीट सांगितलं का नाहीस? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "सांगितलं की शेवट रफ आहे. मला वाटलं, तुला तेच आवडतं." मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं ना, लाडकी चार गाणी दळू नका म्हणून? आता म्हणते, दळू देत मेल्यांना. त्या चार गाण्यांनी कोणाचं वाकडं होत नाही. लोक उड्या मारतात, घरी जातात. त्यांनी ते गाणं सोडलं होतं, लाजेने नाही, बायकांच्या धाकाने सोडलं होतं, पण सोडलं होतं. आणि कोणीतरी मागितलं की लगेच काढून दिलं, दात दाखवत. सत्तरीला आलेल्या माणसाला थांबून एवढं म्हणता येऊ नये, की हे आता नाही गात मी? पण मागितलं कोणी? माझी माणसं गोळा करून, तिन्ही कॉम्प्युटरवरून, मीच मागितलं.

आणि तुमचाही राग येतो मला, स्पष्ट सांगते. तुम्ही ती कॅसेट फेकून का नाही दिली? नदीत टाकायची. भीमगीतं भरून घ्यायची तिच्यावर. एका बाईची टर उडवणारं गाणं तुम्हाला कळलं, चांगलं कळलं, आणि तरी तुम्ही ते दर रविवारी माझ्या आईसमोर वाजवलंत, कारण चाल गोड होती. कधी वाटतं, तुम्ही त्या नालायकांच्या तावडीतून ती बाई सोडवून आणलीत. दुसऱ्या दिवशी वाटतं, कसली सोडवताय, तुम्ही तर सोय बघितलीत. आईला विचारलं तर ती म्हणते, "मी कधी म्हटलं का त्यांना बंद करा म्हणून? मला त्यांचं पुढचं आवडायचं." पण बाबा, तुम्ही उठून डबा घ्यायला जायचे तेव्हा दर वेळी तिच्या मनात ते कुत्रे यायचेच ना? म्हणजे तुम्ही तिला जपत होतात म्हणायचं, की ती तुम्हाला? तुम्ही असता तर हे तुम्हाला तोंडावर विचारलं असतं आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडलं नसतं.

आई परवा नागपूरला गेली. विमानतळावर म्हणाली, जास्त विचार करत बसू नको. तिने त्या दिवसाचं पुन्हा नाव काढलं नाही, आणि मीही नाही. हे कागद मी कुठे ठेवणार नाही, आईच्या हाती तर पडू देणारच नाही, म्हणून एक लिहून टाकते. मंडळींबद्दल वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यात एक माणूस कमी लिहिलाय. भुंकणं सुरू झालं तेव्हा मला शब्द कळले आणि मी थिजले, असं मी सगळ्यांना सांगते. तसं झालं नाही. मी जिंकले होते, सगळे ओरडत होते, आणि मी पण हात वर केला आणि भुंकले. एकदा नाही, बाबा. आईच्या अगदी कानाशी, तिच्याकडे बघून हसत. तिने माझा वर गेलेला हात धरला आणि हळूच खाली ओढला, तेव्हा मला कळलं.